हैबतीची नजर आणि अंतराचे यंत्र

घाटमाथ्यावरच्या एका गावात हैबती नावाचा एक कॅडी राहत होता. कॅडी म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा माणूस. पण हैबतीला कोणी हमाल म्हटले असते, तर त्याने पिशवी तिथेच खाली ठेवली असती.

तो म्हणे, "पिशवी गाढवही वाहील. मी नजर वाहतो."

ते खरेच होते. गोल्फ हा अंतराचा खेळ आहे. दूरवर कातरलेल्या हिरवळीत वाटीएवढा खड्डा असतो. त्याला होल म्हणतात. होलात झेंडा रोवलेला असतो. कमीत कमी फटक्यांत चेंडू तिथे न्यायचा, एवढाच खेळ. झेंडा किती लांब आहे हे कळले, तर कोणती काठी घ्यायची ते कळते. काठीचा नंबर जितका मोठा, तितका चेंडू जवळ पडतो. अंतर चुकले की काठी चुकते. काठी चुकली की चेंडू दरीत जातो आणि खेळणारा कॅडीकडे बघतो.

हैबतीकडे असे कोणी बघितले नव्हते. तो डोळे बारीक करायचा, हनुवटी वर करायचा आणि आकडा सांगायचा. "एकशे चाळीस यार्ड. सात नंबरची घ्या." खेळणारा सात नंबरची घ्यायचा. वाद नाही. साऱ्या मैदानावर एक म्हणच पडली होती, 'नजर हैबतीची.'

मैदान इंग्रजांच्या काळचे होते. गाव त्याहून जुने होते, आणि गावाची पायवाट गावाहूनही जुनी. ती वाट सातव्या होलाच्या अलीकडून आडवी जात होती. बायका तिथून सरपणाला जात. मैदान झाले म्हणून कोणी वाट सोडली नाही, आणि वाट आहे म्हणून कोणी खेळ सोडला नाही. मग एक रीत पडली. चेंडू मारण्याआधी कॅडीने मोठ्याने हाळी द्यायची. वाटेवर कोणी असेल तर त्याने "थांबाऽऽ" म्हणून उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही, तर कॅडीने आपल्या डोळ्यांनी वाट नीट बघायची आणि मग म्हणायचे, "मोकळं!" त्यानंतरच फटका.

हैबतीने 'मोकळं' म्हटले की तो कोर्टाचा निकाल होता. त्यावर अपील नव्हते.

उपासनीसाहेब म्हणून एक निवृत्त इंजिनिअर तिथे खेळायला येत. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर कालव्यांचे उतार मोजले होते. खेळ बेताचा, पण माणूस सरळ. हैबती त्यांचीच पिशवी वाही. एके दिवशी त्यांनी खिशातून मुठीत मावेल असे एक यंत्र काढले. मुलाने परदेशातून पाठवले होते.

"हैबती, हे बघ. दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं. झेंड्यावर नेम धरायचा. बटण दाबायचं. आतून लेझरचा किरण जातो, झेंड्याला आपटून परत येतो, आणि किती यार्ड ते आत उमटतं."

हैबतीने यंत्र हातात घेतले नाही. "साहेब, आपटून परत यायला तो काय माहेरवाशीण आहे?"

उपासनी हसले. "अरे, तुझी परीक्षा नाही घेत. मला आकड्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आणलं."

आणि खरेच, त्यांनी त्या दिवशी सगळे मोजले. वडाचे झाड मोजले. क्लबाच्या चहावाल्याची किटली मोजली. झेंडे तर मोजलेच. दर वेळी आधी हैबती आकडा सांगे, मग यंत्र सांगे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी येत. चार-पाच यार्डांचा फरक. उपासनी प्रत्येक वेळी मान डोलवत. "कमाल आहे बुवा तुझी."

हैबती म्हणाला, "माझी कसली? यंत्राची कमाल. माझ्या आकड्याजवळ येतंय."

सगळे हसले. हैबती मात्र मनात हसला नाही. कारण त्याला झेंडा दिसतच नव्हता.

वर्ष होऊन गेले होते. आधी उजव्या डोळ्यावर दुधाची साय धरल्यासारखे झाले. मग डाव्यावर. लांबची झाडे विरघळली. झेंडे गेले. हैबतीने कोणाला सांगितले नाही. त्याने एक युक्ती काढली. होलाची जागा नेहमी एक नसते. गवत झिजू नये म्हणून माळी दोन-तीन दिवसांनी जुना खड्डा बुजवतो आणि नवा पाडतो. हैबती पहाटेच मैदानावर जाई. गणपा माळी पाणी सोडत असे, त्याच्याशी चार शब्द बोले आणि सगळ्या हिरवळींवरून एक फेरी मारी. आज कोणता झेंडा पुढे, कोणता मागे, हे जवळ जाऊन, पायाने चाचपून बघून घेई. जमीन त्याला पाठ होती. मग दिवसभर डोळे बारीक करायचे, हनुवटी वर करायची आणि पहाटेचा आकडा सांगायचा. चेंडू कुठे गेला हे तो फटक्याच्या आवाजावरून ओळखी.

एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. पण 'मोकळं' हा शब्दही तो आता डोळ्यांनी म्हणत नव्हता. हाळी द्यायची, उत्तर आले नाही की म्हणायचे, मोकळं. ही गोष्ट वाईट होती. ती वाईट आहे हे त्याला ठाऊक होते.

घरी एकटी तानूबाई हे ओळखून होती. नवरा कपाबाहेर चहा ओततो, हे बायकोला किती दिवस कळणार नाही?

ती म्हणाली, "तालुक्याला डोळ्यांचा डॉक्टर येतो म्हणे. एकदा डोळे दाखवा."

"ज्या डोळ्यांवर घर चाललंय, ते दाखवत फिरू?"

"चालतंय कुठं? चाचपडतंय."

हैबती ताटावरून उठला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतात. पण मुठीत काय आहे हे मूठ झाकणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याची मूठ दुखत असते.

पुढे एक दिवस असा आला की हैबतीची फेरी झाल्यावर गणपाला आठवले, चौथ्या होलाचा खड्डा हलवायचा राहिला. त्याने तो मागून काढून पुढे आणला. हैबतीला पत्ता नाही.

त्या दिवशी उपासनींबरोबर नगरकरशेट खेळत होते. हे क्लबाचे अध्यक्ष. कापडाचे मोठे दुकान, मोठा आवाज, आणि चालायला नको म्हणून पिशवीसकट बॅटरीच्या गाडीतून फिरायचे. चौथ्या होलाला हैबती म्हणाला, "दीडशे."

उपासनींनी यंत्र लावले. "एकशे तीस दाखवतंय रे."

"दीडशे, साहेब."

उपासनी घुटमळले. मग त्यांनी आज यंत्राचे ऐकले आणि लहान काठी घेतली. फटका जरा कच्चा बसला. चेंडू हिरवळीच्या अलीकडेच वाळूत जाऊन पडला.

नगरकरशेट गाडीतून गरजले, "घ्या! इंजिनिअरसाहेब वाळूत! हैबतीचं ऐकायचं सोडून खेळण्याचं ऐकता?"

सगळे हिरवळीवर पोचले. झेंडा पुढे होता. यंत्राने सांगितले तिथेच होता. उपासनी झेंड्याकडे बघत उभे राहिले. हैबतीनेही जवळ जाऊन बघितले. आता एका वाक्याची गरज होती. ते वाक्य 'चुकलं माझं' असे असायला हवे होते.

हैबती म्हणाला, "झेंडा पुढे आहे, पण चढ आहे साहेब. चढावर चेंडू कमी पडतो. यंत्राला चढ कुठला कळायला?"

चढ होता. तळहाताएवढा. अर्धे खोटे हे पुऱ्या खोट्याहून वाईट, कारण ते दोन पायांवर चालते.

कालव्यांचे उतार मोजलेल्या माणसाने मान खाली घातली. "खरंच. चढ धरायचा मी विसरलो. हैबती, तुझ्यावर अविश्वास दाखवला. माफ कर."

हैबती म्हणाला, "असू द्या साहेब." त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही. शिवी दिली असती तर पचली असती. माफी पचेना.

त्या दिवसापासून यंत्राची पत गेली. उपासनी ते वापरत, पण चोरून वापरल्यासारखे. नगरकरशेट तर दिसले की विचारत, "काय, तुमचं खेळणं आज काय खोटं बोलतंय?"

दिवाळीनंतर क्लबाच्या करंडकाची शेवटची लढत होती. नशीब असे की उपासनी आणि नगरकरशेट समोरासमोर आले. सहा होल झाले तेव्हा दोघे बरोबरीत होते. पहाटेपासून धुके होते. सातव्या होलापाशी पोचले तेव्हा ते विरळ होऊ लागले होते. ऊन आत शिरत होते, पण अजून सगळे दुधातून बघितल्यासारखे दिसत होते. हैबतीला त्यात नवे काही नव्हते.

पहिला फटका नगरकरशेटांचा होता. त्यांच्या फटक्यात ताकद फार, पण चेंडू वर चढायचा नाही. गुडघ्याच्या उंचीने बंदुकीच्या गोळीसारखा सुटायचा. गावातली एक म्हैस त्यांच्या चेंडूने लंगडी झाली होती.

हैबतीने हाळी दिली. "हाऽऽऽय!"

उत्तर आले नाही.

"मोकळं," हैबती म्हणाला.

उपासनींनी सवयीने यंत्र डोळ्याला लावले. काचेवर दव जमले होते. आत राखाडी सगळे, फक्त आकडा तेवढा दिसत होता. "नव्वद?" ते पुटपुटले. "झेंडा तर एकशे साठच्या खाली नाही." त्यांनी पुन्हा बटण दाबले. "पुन्हा नव्वद."

"धुकं मोजतंय तुमचं खेळणं," नगरकरशेट म्हणाले.

"धुक्यात आकडा नाचतो, शेट. हा नाचत नाही. मध्ये काहीतरी घट्ट आहे."

नगरकरशेटांनी चष्मा पुसून समोर बघितले. "आहे की. वाटेवर तो काळा ढीग दिसतोय. गणपाने गवत कापून टाकलं असेल. त्याला धरतंय. हैबती, तुला दिसतोय ना ढीग?"

हैबतीने डोळे बारीक केले. हनुवटी वर केली. समोर पांढरे होते आणि त्यापलीकडे पांढरे होते.

"दिसतोय की," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला पहाट आठवली.

पहाटे तो त्याच वाटेवरून गेला होता. पाय भिजले होते. वाट साफ होती. ढीग नव्हता. आणि गणपाने आज गवत कापायचे यंत्र काढलेच नव्हते, करंडकाचा दिवस म्हणून. मग वाटेवर काळे काय होते?

नगरकरशेट चेंडूपाशी उभे राहिले. त्यांनी पाय रोवले.

"शेट, जरा थांबा. मी बघून येतो."

"काय बघून येतोस?"

"वाट."

"मोकळं म्हणालास ना?"

"म्हणालो."

"मग? आज इथून दिसत नाही का तुला?" नगरकरशेट हसले. हैबतीला दिसत नाही, यासारखा विनोद त्या मैदानावर दुसरा नव्हता. "करंडक आहे रे बाबा. आज नाटकं नकोत."

हैबतीच्या जिभेवर एक सोपे वाक्य आले होते. जनावर बसलंय, म्हणून टाकावे. पण वाटेवर जनावर बसले की नगरकरशेट काय करतात हे म्हशीने बघितले होते. दुसरे वाक्य त्याहून सोपे होते. धुकं दाट आहे, नीट दिसत नाही. पण धुके तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरत होते. शेट म्हणाले असते, मला झेंडा दिसतोय, तुला कसा दिसत नाही?

यंत्र खरे सांगत होते. पण यंत्राला खोटे कोणी पाडले होते? त्यानेच. आता यंत्राचा शब्द कोणी ऐकणार नव्हते, जोवर हैबतीचा शब्द उभा होता. दोन्ही शब्द एका जागी उभे राहू शकत नव्हते.

काठी मागे गेली.

हैबतीने पिशवी टाकली आणि तो चेंडूच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. मारणाऱ्याच्या पुढ्यात कॅडी कधी उभा राहत नाही. नगरकरशेटांनी काठी कशीबशी आवरली.

"वेडा झालास का?" ते ओरडले. "तंगडी मोडली असती!"

"मोडू दे. मारू नका. तिथं ढीग नाही."

"आत्ता दिसतोय म्हणालास!"

"खोटं बोललो. पहाटे मी त्या वाटेनं आलो, तेव्हा ढीग नव्हता."

"पहाटे तू तिथे कशाला?"

हैबती म्हणाला, "झेंडे कुठं आहेत ते बघायला. रोज जातो."

उपासनी पुढे आले. त्यांचा आवाज हळू होता. "इथून दिसत नाहीत का, हैबती?"

"नाही, साहेब."

"धुक्यामुळे?"

केवढी सोपी वाट साहेबांनी काढून दिली होती! हो म्हटले असते तरी चालले असते. हैबतीने एकदा श्वास घेतला.

"धुकं बाहेर नाही, साहेब. वर्ष होऊन गेलं. झेंडा दिसत नाही, वाट दिसत नाही. 'मोकळं' म्हणतो ते न बघता म्हणतो. आत्ताही तसाच म्हणालो. आणि चौथ्या होलाला चढ नावापुरता होता. यंत्र खरं होतं. मी खोटा होतो."

उपासनींनी काच सदऱ्याने पुसली, यंत्र पुन्हा डोळ्याला लावले आणि बराच वेळ काढले नाही. मग म्हणाले, "शेट, काठी खाली ठेवा. ढिगाला हात आहेत."

तिघेही धावले. नगरकरशेट गाडी विसरून धावले.

वाटेवरच्या उंचवट्यावर डोक्यावरून काळी घोंगडी पांघरून पारूआजी बसली होती. गणपा माळ्याची आई. शेजारी सरपणाचा भारा होता. चपलेचा अंगठा तुटला होता, तो ती चिंधीने बांधत होती. तिला कमी ऐकू येते हे सगळ्या गावाला ठाऊक होते. हाळी तिच्या कानांपर्यंत पोचलीच नव्हती. बसल्या जागी तिचे डोके बरोबर शेटांचा चेंडू जातो त्या उंचीवर होते.

तीन माणसे अंगावर धावून आलेली बघून तिने चप्पल उगारली. "काय रे मुडद्यांनो! म्हातारी बघितली नाही का कधी?"

नगरकरशेट मटकन खाली बसले. ओल्या गवतातच बसले. "आजी," ते म्हणाले, "तू बरी आहेस ना?"

"काय?"

"बरी आहेस ना?"

"चप्पल तुटली तर बरी कशी असेन? एवढाल्या काठ्या घेऊन फिरता, एक चप्पल शिवता येते का कोणाला?"

उपासनींना हसू फुटले. मग हैबतीला फुटले. नगरकरशेट हसता हसता डोळे पुसू लागले. म्हातारीला काही कळले नाही, तरी तीन माणसे हसतात म्हणून तीही बोळके पसरून हसली. मग तिने भारा डोक्यावर घेतला आणि आपल्या वाटेने निघून गेली. ती नजरेआड होईपर्यंत कोणी जागचे हलले नाही. हैबतीला ती दिसत नव्हती. पण तिची चप्पल फटक फटक वाजत होती. तेवढा गोड आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

मग नगरकरशेट उठले. गवत झटकले. ते पुन्हा अध्यक्ष झाले.

"हैबती, तुला काढून टाकायला पाहिजे."

"काढा, शेट." हैबतीचा आवाज कापला नाही. डोक्यावरचा भारा उतरलेल्या माणसाचा आवाज कापत नाही.

नगरकरशेटांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आज तुला काढलं, तर उद्या दुसऱ्या कॅडीचे डोळे गेल्यावर तो सांगेल का? मरेपर्यंत सांगणार नाही. तेव्हा काढत नाही. पण डोळे बरे झाल्याशिवाय मैदानात पाय ठेवलास तर बघ. तोवर तुझ्या जागेवर कोणी येणार नाही."

हैबतीने हात जोडले.

उपासनी म्हणाले, "थांब. माझा हिशोब राहिलाय. चौथ्या होलाला मी तुझी माफी मागितली होती. ती परत दे."

हैबती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, चुकलं माझं."

"मिळाली," उपासनी म्हणाले. त्यांनी यंत्र खिशात टाकले. त्या दिवशी करंडक कोणीच जिंकला नाही. दोघांनी चेंडू उचलले आणि चहा प्यायला गेले.

घरी हैबती उंबऱ्यातूनच म्हणाला, "तालुक्याला डॉक्टर कधी येतो?"

तानूबाईने त्याच्याकडे बघितले. काय झाले ते विचारले नाही. "परवा," ती म्हणाली. "आणि आता चहा मीच ओतते. निम्मा जमिनीला पाजून झाला."

मोतीबिंदू होता. पिकलेला होता. डॉक्टर रागावले, इतके दिवस काय केलंत म्हणाले. हैबतीने सांगितले, "अंतर मोजत होतो." आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही दिवसांनी दुसऱ्याची. पट्टी सुटली तेव्हा हैबतीने पहिल्यांदा बायकोकडे बघितले.

"एवढे केस पांढरे कधी झाले तुझे?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा."

हैबती मैदानावर परतला. झेंडे परतले होते. झाडांना पुन्हा पाने फुटल्यासारखी दिसत होती. कोणी म्हणाले, आता यंत्राची गरज नाही, नजर हैबतीची. हैबतीने ऐकून घेतले आणि उपासनींपुढे हात पसरला.

"साहेब, ते द्या बघू."

त्याने यंत्र पहिल्यांदा हातात घेतले. आधी आपला आकडा मोठ्याने सांगितला, "एकशे पस्तीस." मग यंत्र डोळ्याला लावले, बटण दाबले आणि तेवढ्याच मोठ्याने सांगितले, "एकशे बावीस. मी चुकलो. आठ नंबरची घ्या." पूर्वी हे वाक्य म्हणण्यापेक्षा त्याने दरीत उडी घेतली असती. आता ते दिवसातून दोनदा-तीनदा म्हणावे लागे, आणि घरी गेल्यावर भाकरी गोड लागे.

सातव्या होलाला मात्र वेळ लागू लागला. हैबती हाळी द्यायचा. मग वाट डोळ्यांनी बघायचा. मग यंत्राने बघायचा. तरीही काही काळे दिसले, तर पिशवी ठेवून चालत जाऊन बघून यायचा. बऱ्याच वेळा ते गवताचा ढीगच निघे.

एकदा नगरकरशेट काठी घेऊन उभे होते. मागे माणसे खोळंबली होती.

"हैबती, दिसतंय का?"

"झेंडा दिसतोय, शेट. वाट अजून बघायची आहे."

"मग बघ की."

"बघतोय. थांबा."

आणि नगरकरशेट काठी टेकून थांबले.

तात्पर्य: दिसत नसताना दिसते म्हणणारा स्वतः तर ठेचाळतोच, पण त्याच्या शब्दावर चालणाऱ्यालाही दरीत घालतो. 'मला दिसत नाही' एवढे वेळेवर म्हणावे. त्याने नाव बुडत नाही, माणूस वाचतो.